हलकी पेटी

जर्दाळूचा हंगाम संपून महिने लोटले तरी नेमतजोनच्या अंगणाला वाळवणीआधी फळांना देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास असायचा. सीमेवरच्या नवबुलोक गावात, बाजारामागं, कालव्याच्या कडेला ते अंगण. कोल्होज, म्हणजे गावाची सरकारी सामुदायिक शेती, मोडलं तेव्हा कुणी गाय नेली, कुणी छपराचे पत्रे उपसले, कुणी तर गोठ्याची दारं खांद्यावर टाकून चालू पडला. नेमतजोननं मागून घेतलं ते हे पडकं वाळवणीचं अंगण. लोक हसले. पण दोन-तीन वर्षांत अर्ध्या गावातल्या बायका तिथं जर्दाळू फोडायला बसू लागल्या, आणि उन्हाळ्यात तिथल्या फळ्यांवर पसरलेला पिवळा रंग डोंगरावरून येणाऱ्या माणसाला लांबून दिसू लागला.

माणूस बोलायला तुटक, पण कुणाला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही. गावात लग्न असो की मयत, पुलावाची मोठी कढई त्याच्याच अंगणातून जायची. शाळेचं छप्पर उडालं तेव्हा पत्रे त्यानं आणले आणि मोहल्ल्याला हाक घालून दोन शुक्रवारांत बसवूनही घेतले. पुरात पायपूल वाहून गेला, तो पुन्हा उभा केला तोही त्यानंच. पुलाला त्याचं नाव द्यायची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाला, "नाव कशाला, पाय घसरला की मला शिव्या द्यायला?" आणि विषय तिथंच संपला.

त्याला दोन मुली, दोघी दिलेल्या. आणि एक मुलगा, इल्होम. इल्होम म्हणजे दारातून आला की दार लहान वाटावं असा. दोन पेट्या दोन खांद्यांवर घेऊन गाडीपर्यंत जायचा आणि जाताना कामावरच्या बायकांची थट्टा करायचा. अंगणाच्या फाटकाची कडी तो हातानं काढत नसे, खांद्यानं ढकलायचा. कडी उडून दोनदा आपटायची. त्या आवाजावरून सबोहत, त्याची आई, आतून चहा टाकायची.

माल रशियात जायचा. उरल डोंगरांच्या बाजूला एका शहरात मोठा घाऊक बाजार होता, तिथं आपलं माणूस हवं होतं. नेमतजोननं इल्होमला पाठवायचं ठरवलं. सबोहतला ते पटलं नाही.

"स्वतःचा चहा ओतून घेत नाही अजून ते पोरगं, आणि तुम्ही त्याला बर्फात धाडताय."

"दोन हिवाळे राहील, धंदा शिकेल, परत येईल. सगळ्यांची जातात. आपलं काय सोन्याचं आहे?"

हे शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला होता. पुढं आयुष्यभर ते त्याच्या कानात राहिलं.

दुसऱ्याच हिवाळ्यात त्या बाजारामागच्या हमालांच्या लाकडी वस्तीला आग लागली. इल्होमची भाड्याची खोली दुसरीकडं होती, पण थंडीचे दिवस, एकट्याला करमेना, म्हणून तो दोस्तांकडं झोपायला गेला होता. माणसं दाराशी पोचेपर्यंत छप्पर खाली आलं.

पेटी आली ती शोदीबरोबर. शोदी शेजारच्या खोऱ्यातला, त्याच वस्तीत राहणारा, आगीतून वाचलेला. बाहेर लाकूड, आत जस्ताचा पत्रा, चारी बाजूंनी डाग दिलेला. शोदी नेमतजोनच्या गळ्यात पडून रडला, पण त्यानं डोळे वर केले नाहीत. ते तेव्हा कुणाला विशेष वाटलं नाही. अशा वेळी कोण कुणाच्या डोळ्यांत बघतं?

सबोहत म्हणाली, "उघडा."

गावचे मौलवी, दोमुल्ला, यांनी नेमतजोनला बाजूला घेतलं. "आगीत गेलेल्याचं तोंड आईला दाखवू नका. ती मग तेवढंच बघत राहील जन्मभर. त्याचं हसतं तोंड राहू दे तिच्यापाशी." मोहल्ल्यातली म्हातारी माणसंही तेच म्हणाली. सगळे नेमतजोनकडं बघू लागले, कारण गावात शेवटचा शब्द त्याचाच असायची सवय झाली होती. तो म्हणाला, "राहू द्या बंद."

सबोहतनं पेटीवर तळहात आपटला आणि कान लावून विचारलं, "इल्होम, बाळा, तूच आहेस ना आत?" मग बायकांनी तिला घरात नेलं.

नेमतजोननं पुढचा खांदा दिला. अंगणातून बाहेर पडताना त्याच्या मनात आलं, पेटी हलकी आहे. लाकूड, जस्त आणि इल्होम. एवढी हलकी कशी? त्यानं मागं वळून पाहिलं, मागचे चौघे मान खाली घालून चालत होते. आग माणसाचं वजन घेते हे त्याला कळत होतं. पण खांद्याला ते कळत नव्हतं. कब्रस्तानापर्यंत आणि तिथून पुढं कित्येक वर्षं तो खांदा तेच विचारत राहिला.

आमच्याकडं गुरुवारी तेल तापवून पोळ्या तळतात. तळणीचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो, आपली आठवण काढली म्हणून ते सुखावतात. नवबुलोकची गल्लीच्या गल्ली गुरुवारी तेलानं घमघमते. सबोहतच्या चुलीवर त्या दिवशी कढई चढत नसे. शेजारणीनं एकदा हळूच विषय काढला, तर म्हणाली, "ज्याला मी पाहिलं नाही त्याला वास कुठल्या पत्त्यावर पाठवू?" नवऱ्याला ती या बाबतीत एका शब्दानं बोलली नाही. इल्होम गेला असंही म्हणायची नाही आणि आहे असंही नाही. त्याची चादर मात्र उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या तोंडाला धुवून वाळत घालायची.

अंगण चालू होतं. बायका जर्दाळू फोडत होत्या, पण आवाज खाली गेले होते. कधी कधी भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, फाटकाची कडी दोनदा आपटायची. नेमतजोन गोदामातून बाहेर यायचा. फाटक बंद असायचं, कडी जागेवर. वारा म्हणावा तर फळ्यांवरची चटईसुद्धा हललेली नसे. तो तसाच उभा राहायचा आणि स्वैपाकघराच्या खिडकीत बघायचा. तिथं सबोहत उभी असायची, हातात किटली घेऊन. दोघं एकमेकांकडं बघायचे आणि आत जायचे. तिनं काय ऐकलं हे त्यानं कधी विचारलं नाही.

एकदा एका कामकरणीनं त्याला गोदामात भलत्याच अवस्थेत पाहिलं. त्यानं एका फळीवर जर्दाळूची खोकी रचली होती, फळीचं एक टोक कट्ट्यावर आणि दुसरं स्वतःच्या खांद्यावर. एक खोकं काढायचा, पुन्हा खांदा लावायचा, परत ठेवायचा. ती म्हणाली, "अमक, मदत करू?" अमक म्हणजे काका, गावात सगळे त्याला तेच म्हणायचे. तो दचकून म्हणाला, "नको, वजन बघतोय." तिनं घरी जाऊन सांगितलं की अमकांचं डोकं ठिकाणावर नाही. पण ते इतकं हळू सांगितलं की टिंगल म्हणून ते पुढं गेलंच नाही.

पुढच्या वर्षी हालबिबीचा मुलगा गेला. हालबिबी विधवा, अंगणात कामाला. पोरगा रशियात बांधकामावरून पडला होता. पेटी खुजंदच्या विमानतळावर येऊन पडली आणि आणायला गाडी नाही. नेमतजोननं जर्दाळूची व्हॅन धुतली, खाली सतरंजी टाकली आणि तिच्या दिराला घेऊन गेला. त्यानंतर हे कामच झालं. खोऱ्यातल्या कुठल्याही गावात तिकडून पेटी यायची असली की लोक आधी दोमुल्लांना कळवत आणि मग नेमतजोनला. तो पहाटे निघायचा, मालाच्या गोदामाशी रांगेत उभा राहायचा आणि पेटी दारापर्यंत आणून द्यायचा. डिझेलचे पैसेही घ्यायचा नाही. कुणी खिशात कोंबलेच तर कढईच्या तेलात घालायचा.

त्याची एक अट मात्र होती. विमानतळावरच्या त्या गोदामाच्या मागं मोकळी जागा होती, तिथं तो गाडी थांबवायचा. पत्रा कापायची कात्री त्याच्या सीटखाली असे. बरोबर आलेल्या बापाला नाहीतर भावाला म्हणायचा, "पाहून घ्या."

बहुतेकांना ते नको असायचं. एकदा चुर्कूहच्या बाजूचा एक म्हातारा त्याच्यावर चिडला.

"तुम्ही स्वतःच्या पोराची पेटी उघडली नव्हती म्हणे."

"नव्हती."

"मग माझ्या मागं का लागलाय?"

"म्हणूनच," नेमतजोन म्हणाला आणि कात्री त्याच्यापुढं धरली.

म्हाताऱ्यानं पाहिलं. उतरताना नेमतजोनचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

अशी वर्षं गेली. मग एका शरदात वोरुखकडचे दोघे भाऊ तिसऱ्या भावाला न्यायला आले. नेमतजोननं पत्रा कापला, मागं सरकला. थोरला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "अमक, हा आमचा नाही."

आत कुणी पांढऱ्या मिशीचा माणूस होता. शांत चेहरा. कुणाचा तरी बाप असावा. नेमतजोननं पत्रा पुन्हा झाकून घेतला. फोन झाले, धावपळ झाली, शेवटी ज्याचा त्याला मिळाला. दोघा भावांनी त्याचे उपकार मानले. त्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही. इतकी वर्षं तो दुसऱ्यांना "पाहून घ्या" म्हणत होता, पण आतून स्वतःला सांगत होता की अशी चूक होत नाही, कुणी करत नाही.

घरी येऊन त्यानं जेवताना सबोहतला सांगितलं. तिनं नानचा तुकडा मोडता मोडता खाली ठेवला.

"म्हणजे होतं असं."

"होतं."

"अहो, तुम्ही शोदीला भेटून या."

शोदी इस्फरा शहराच्या मोठ्या रस्त्यावर मोबाइलचं दुकान टाकून बसला होता. एवढ्या वर्षांत तो नवबुलोकला कधी आला नव्हता, एका लग्नाला आमंत्रण असूनही. नेमतजोन दुकानात शिरला तसा तो उभा राहिला, गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणाला आणि दार लोटून घेतलं.

"मी वाटच बघत होतो अमक," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज याल."

दाराजवळ दोघं सापडले होते, एकमेकांना धरून. इल्होम आणि त्याचा दोस्त एर्मेक, सीमेपलीकडच्या अक-तेरेक गावचा किर्गिझ. कोण कुठला हे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुकादम म्हणाला, दोन पेट्या आहेत, दोन नावं आहेत, विमान उद्या आहे, लाव काय ते. शोदीनं लावलं.

"कशावरून लावलंस?" नेमतजोननं विचारलं.

"एक जरा लांब वाटला. इल्होम धिप्पाड होता ना. मग वाटलं, आगीत माणूस आखडतो, लांब तो इल्होम कसा? मग उलटं केलं. मग परत..." तो थांबला. "शेवटी काय केलं ते मलाही आठवत नाही, अमक. खरंच आठवत नाही."

नेमतजोन त्याला मारेल असं शोदीला वाटलं असावं, कारण तो भिंतीला टेकून उभा होता. नेमतजोननं त्याच्या डोक्यावरची तिरकी झालेली टोपी सरळ केली आणि निघाला.

आठवड्याभरात नवरा-बायको अक-तेरेकला गेले. अंतर काही फार नव्हतं. तिथले जर्दाळू अंगणात यायचे, इथलं कुंपण तिथल्या शेताला लागलेलं. पाण्याच्या पाळीवरून दोन्हीकडचे फावडी उगारायचे तेही नेहमीचंच. एर्मेकच्या बापाचं नाव सातिबाल्दी, मेंढ्या पाळणारा, वाकड्या पायांचा, हसरा. आईचं नाव बूरुल. भाषेची खिचडी करत बोलणं झालं. सांगायचं काम नेमतजोननं केलं, खाली बघत.

मग बूरुल सबोहतला म्हणाली, "तुझा इथं जेवून गेलाय, मधल्या उन्हाळ्यात. दोनदा. माझ्या हातचं सगळं संपवून वर विचारलं, मावशी, भांडं पण खायचं का."

सबोहत हसली. मग तिला रडू फुटलं, पेटी आली त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

राजधानीत मोठ्या दवाखान्यात हाडांवरून कोण कुणाचा हे सांगणारी तपासणी होते, दोन्ही कबरी उकराव्या लागतील, हे नेमतजोननं चौकशी करून ठेवलं होतं. दोमुल्लाही नाइलाजानं हो म्हणाले होते. त्यानं ते पुढं मांडलं. सातिबाल्दी बायकोकडं बघू लागला.

बूरुल म्हणाली, "मी रोज त्याच्याशी बोलते. घरातलं सगळं सांगते. उद्या कुणी म्हणालं हा तुझा नाही, तर मी त्याला काय सांगू? ऊठ, आपल्या घरी जा?"

"नको," सबोहत म्हणाली. "उकरू नका."

निघताना सातिबाल्दीनं नेमतजोनला मेंढीचं कातडं भेट दिलं आणि पाठीवर थाप मारली. "पोरांची अदलाबदल झाली असेल तर आपण व्याहीच झालो की. या व्याही, पुन्हा."

त्या गुरुवारी सबोहतनं तेल तापवलं. वास गल्लीत गेला तशा शेजारणी दारात आल्या. नेमतजोनला वाटलं आता कडीचा आवाज थांबेल. तो थांबला नाही. फरक एवढाच, की आवाज आला की कोण आलं हे आता त्याला ठाऊक नसायचं. आपला, की तो दुसरा, ज्याचा चेहरा त्यानं सातिबाल्दीच्या भिंतीवरच्या फोटोत पाहिला होता, अरुंद हनुवटीचा, लाजरा. हा बिचारा परक्या फाटकाशी उभा राहून लाजत असेल, असं काहीतरी त्याच्या मनात यायचं आणि तो फाटक उघडून ठेवायचा.

दोन्ही घरं दर वसंतात एकमेकांकडं जायची, कबरीवरचं गवत काढायची, जेवायची. मग एका वसंतात कालव्याच्या मुख्य दरवाजापाशी भांडण झालं. दगडांवरून बंदुकांवर गेलं, आणि तीन दिवस दोन्ही बाजूंची गावं जळत होती. नवबुलोकची वरची आळी गेली, माणसं गेली. अक-तेरेकचंही तेच झालं असं लोक म्हणायचे, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात समाधान असायचं.

धूर विरल्यावर चायखान्यात माणसं जमली. बोलता बोलता हालबिबीचा धाकटा मुलगा सुहरोब उठला. त्याचं घर वरच्या आळीत होतं.

"आपल्या कब्रस्तानात त्यांचा एक झोपलाय हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही, कारण अमकांचा मुलाहिजा. मी बोलतो. काढा त्याला आणि सीमेपलीकडं टाका."

नेमतजोननं चहाची वाटी खाली ठेवली.

"ठीक आहे, काढू. फावडं माझ्या अंगणातलं घे."

सुहरोबला हे अपेक्षित नव्हतं.

"फक्त आधी एक सांग," नेमतजोन म्हणाला. "आत कोण आहे? इल्होम असला तर तू माझ्या पोराला सीमेपलीकडं टाकशील. तो दुसरा असला, तर माझा पोरगा आत्ता त्यांच्याकडं आहे. आज तेही असेच बसले असतील चायखान्यात, आणि तुझ्यासारखाच कुणीतरी उठून उभा असेल. तू इकडं उकरलंस की तो तिकडं उकरेल. मी आठ-दहा वर्षं विचार करतोय, मला उत्तर सापडलं नाही. तुला ठाऊक असलं तर सांग, मी स्वतः खणतो."

सुहरोब उभाच राहिला. त्याच्या थोरल्या भावाची पेटी नेमतजोननंच आणली होती, सतरंजी टाकून. हे नेमतजोननं काढलं नाही. पण मागून हालबिबीच्या दिरानं म्हटलं, "बस रे खाली," आणि तो बसला.

सीमेवर तार पडली, खंदक खणले गेले. फोन तेवढा लागायचा. पहिल्यांदा सातिबाल्दीनंच केला. दोघांनाही एकमेकांना विचारायची भीती, कुणाचं घर उरलं, कुणाचं नाही.

"व्याही, बरे आहात?"

"आहोत. तुम्ही?"

"गोठा गेला. माणसं आहेत." मग तो म्हणाला, "पोराकडं जाऊन आलो. कुणी हात लावलेला नाही. काही पोरटी आली होती फावडी घेऊन, बूरुल तिथंच जाऊन बसली. उठेचना."

"इथंही ठीक आहे," नेमतजोन म्हणाला. चायखान्यातलं त्यानं सांगितलं नाही.

तार होती तेव्हाच सातिबाल्दी छातीच्या दुखण्यानं गेला. नेमतजोनला खांदा देता आला नाही. त्यानं आपल्याकडं कढई चढवली, गावाला जेवू घातलं आणि कुणाच्या नावानं ते सांगितलं. लोक आले. सुहरोबही आला, जेवला, आणि जाताना कढई घासायला थांबला.

पुढं रस्ता उघडला तेव्हा नेमतजोनचे गुडघे गेले होते. पेट्या आणायचं काम आता सुहरोब करत होता, त्याच व्हॅनमधून. त्यानंच नवरा-बायकोला अक-तेरेकला नेलं आणि गावाबाहेर गाडीत बसून राहिला. आत यायची त्याची तयारी नव्हती. बूरुलनं त्याच्यासाठी नान आणि दही गाडीत पाठवलं.

बापलेकांच्या कबरी शेजारी शेजारी होत्या, बापलेकच असतील तर. सबोहत आणि बूरुल एकीकडं बसल्या, एकमेकींच्या हातांवर हात ठेवून, गुडघ्यांची दुखणी बोलत. नेमतजोन काठीवर भार देऊन आधी व्याह्यापाशी थांबला. मग मुलापाशी गेला. हात वर केले, ओठ हलले. फातिहा संपल्यावर आपण नाव घेतो, ज्याच्यासाठी म्हटलं त्याचं. त्यानं दोन नावं घेतली. वारा होता, बायकांना आधी कुठलं घेतलं ते ऐकू आलं नाही, आणि परतताना सबोहतनंही विचारलं नाही.